मुलुंडमेड मुस्तफा

रुपया टाकून उभ्याने खेळायचा तो लाकडी डबा आठवतोय? तो घरी बनवता येतो... आणि त्याचं बरंचसं सामान मुलुंडमध्ये पायी फिरून मिळतं!

आधी एक सोपा प्रश्न. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ कोण कोण खेळलंय? कुणीच नाही? बरं. ‘मुस्तफा’ कोण कोण खेळलंय?... झाले ना हात वर!

दोन्ही गेम एकच. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन कॉमिकवरून. हिरो चार : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. कंपनीच्या हिशेबाने मेन हिरो जॅक. पण आपल्याकडच्या पोरांनी परस्पर निवडणूक घेतली आणि धावत येऊन लाथ घालणारा टोपीवाला मुस्तफा बिनविरोध निवडून आला. अख्ख्या गेमचं नावच बदललं! पार्लरवाल्याला कुणी इंग्रजी नाव सांगितलं असतं, तर ‘वो अपने पास नहीं है’ म्हणून त्याने हाकललं असतं.

पार्लर म्हणजे तरी काय... दुकानाचा एक गाळा, दाराला पडदा, आत अंधार आणि ओळीने चार-पाच डबे. बसायला स्टूल नाही. मागे पब्लिक. आपला रुपया काचेखालच्या पट्टीवर ठेवून दिला, की नंबर लागला. कॉलनीतला, चाळीतला, बंगल्यातला, सगळ्यांचे घामट हात एकाच स्टिकला. घरी मात्र सांगायची सोय नव्हती. ‘व्हिडिओ गेम पार्लर’च्या पाटीखाली काही ठिकाणी जुगाराची मशीनं चालायची, पोलिसांचे छापे पडायचे, पेपरात बातम्या यायच्या. त्यामुळे तमाम आयांच्या लेखी सगळी पार्लरं एकाच माळेचे मणी.

मग घरोघरी टीव्ही गेम आले. २००० नंतर सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक आलं, एलबीएस रोडवर मॉल आले, मॉलमध्ये कार्ड स्वाइप करून खेळायचे गेम झोन आले. पार्लरच्या गाळ्यांत मोबाइलची दुकानं लागली. ते डबे कुठे गेले, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

डबा मुळातच घरगुती

घरच्या घरी आर्केड मशीन बनवायचा छंद परदेशात जोरात आहे. तिकडचे छंदिष्ट ओरिजिनल मशीनची मापं घेऊन, रंगाच्या छटा जुळवून हुबेहूब नक्कल करतात. आपण नक्कल करायची कशाची? आपल्या गल्लीतल्या पार्लरमध्ये ओरिजिनल मशीन होतंच कुठे! बहुतेक डबे इथल्याच सुताराने प्लायवर सनमायका चिकटवून केलेले, आत कलर टीव्हीची पिक्चर ट्यूब. सर्किट बोर्ड तेवढा बाहेरून आलेला, तोही पुष्कळदा डुप्लिकेट.

हे जमायचं ते ‘जामा’मुळे. गेम मशीन बनवणाऱ्या जपानी कंपन्यांची ही संघटना. १९८५ मध्ये तिने एक स्टँडर्ड ठरवलं : ५६ पिनांचा एकच कनेक्टर आणि वीज, चित्र, आवाज, स्टिक, बटणं, नाणं, सगळं त्यातूनच. डबा तोच ठेवायचा, जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा, झाला नवा गेम! म्हणून तर डब्यावर चित्र एका गेमचं आणि आत चालू भलताच, असा प्रकार असायचा.

पण या स्टँडर्डमध्ये प्रत्येक खेळाडूला तीन बटणं आणि खेळाडू फक्त दोन. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला लागतात सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची. म्हणजे लाथांसाठी वेगळी वायर ओढणं आलं. मुस्तफा तर खरं म्हणजे तिघांनी एकत्र खेळायचा गेम! पण तिसऱ्याचीही वायर वेगळी आणि आपले डबे दोघांचेच. मग तिसरा मित्र कायम मागे उभा राहून सल्ले द्यायचा. (हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. पुढे तो मॅनेजर होतो.)

थोडक्यात, आपला डबा ही सुतार आणि टीव्ही मेकॅनिक यांनी मिळून केलेली वस्तू. हे दोघं मुलुंडमध्ये अजून भेटतात का, हे मला बघायचं होतं. आणि घाईही होती. आमची तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. ज्यांच्याकडे आमचे टेपरेकॉर्डरपासून टीव्हीपर्यंत सगळे आजारी पेशंट गेले, त्या मेकॅनिक काकांचा गाळा हिच्याच तळमजल्यावर आहे. गाळा भाड्याचा. नव्या टॉवरमध्ये गाळा मिळेल तो मालकाला. काका आवराआवर करून डोंबिवलीला मुलीकडे जाणार, असं ठरलेलं. म्हटलं, जे काय करायचं ते आत्ताच!

ओट्यापेक्षा चार बोटं वर

पार्लरसारखा पूर्ण डबा म्हणजे साधारण पावणेसहा फूट उंच, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हा म्हणजे दुसरा फ्रिज! शिवाय तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आणि वर्षभरात भाड्याच्या घरी न्यायचा. तोडगा असा काढला, की स्क्रीन-बटणांचा वरचा डबा वेगळा, खालचं स्टँड वेगळं आणि दोघांना जोडणारे चार बोल्ट. स्टँडला दोन कप्पे ठेवले. आईचा पाठिंबा मिळाला तो या कप्प्यांमुळे. सध्या तिथे इस्त्रीचे कपडे आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे बटणांची उंची. जमिनीपासून ३६ ते ३८ इंच. टेप नसेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहा. ओटा असतो साधारण ३२ ते ३४ इंचांवर, त्याच्या चार बोटं वर. रुंदी २४ इंच घेतली, की दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि कोपराला कोपर लागतं. लागायलाच हवं! हाताला धक्का बसला म्हणून हरलो, हे सांगता आलं नाही तर खेळायचं कशाला?

परदेशी प्लॅनमध्ये सर्रास एमडीएफ वापरलेलं दिसतं. आपल्याकडे नको. मुलुंड हे नॅशनल पार्कच्या डोंगराच्या कुशीत, इथला पाऊस दारा-खिडक्यांना फुगवतो, तिथे एमडीएफची काय कथा. प्लायच घ्या. बाजूच्या दोन फळ्यांना १८ एमएम, पाठीला आणि वरच्या झाकणाला १२ एमएम पुरे. आठ बाय चारची १८ एमएमची शीट तीसेक किलोंची असते, त्यामुळे जिथे कटिंग मशीन आहे असं दुकान गाठा आणि मापाने कापूनच घ्या. मुलुंडमध्ये जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगला पत्रे लागलेत. म्हणजे घरं नव्याने सजतायत, आणि प्लाय, सनमायका, हार्डवेअरच्या दुकानांना मरण नाही.

ही दुकानं हिंडताना एक गोष्ट सॉलिड जाणवते. मुलुंड पश्चिम सरळ रेषेत आहे! १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या आर्किटेक्टांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग चौकटीचौकटींत आखला. मुंबईतल्या पहिल्या आखीव वस्त्यांपैकी ही एक. एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, बस्स. झवेर रोडवरून निघा, एम. जी. रोडला वळा, खाऊगल्लीत काहीतरी गिळा, पुढे पाच रस्ता. हा तर पॅकमॅनचा बोर्ड! (आणि पाच रस्ता म्हणजे जिथे भुतं चारही बाजूंनी येतात ती जागा. संध्याकाळी सातला जाऊन बघा.) एक टीप : १९८० चा पॅकमॅन खेळायचा असेल तर स्टिक चारच दिशांना वळणारी हवी. मारामारीच्या गेम्सना आठ दिशा लागतात. चांगल्या स्टिकच्या पोटात एक चौकट असते, ती फिरवली की आठच्या चार होतात. घेताना ही सोय आहे का, तेवढं विचारा.

‘साहब, मंदिर?’

मिस्त्री मूळचा राजस्थानचा. वीस वर्षं मुलुंडमध्ये किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब करतोय. त्याने माझं ड्रॉइंग उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, ‘साहब, मंदिर बनाना है? पर भगवान तिरछे क्यों बैठेंगे?’

भगवान तिरके, कारण स्क्रीन मागे कललेला लागतो. उभं राहून खाली बघायचं असतं ना! हे समजावत असताना बटणांची जागा दाखवली, तर गडी एकदम खुलला. ‘अरे, मुस्तफावाला डब्बा! पहले बोलना था!’ तिथून पुढे ड्रॉइंगची गरजच पडली नाही. बाजूच्या फळीचा तो नाकाडासारखा पुढे येणारा आकार त्याने पेन्सिलीने एका झटक्यात काढला आणि जिगसॉ लावला. मी माप घेऊन ताडलं. अर्ध्या इंचाचाही फरक नाही.

खरी गंमत पुढे. बटणांची भोकं ३० एमएमची लागतात. मुंबईतल्या प्रत्येक सुताराच्या पेटीत ३५ एमएमचं बिट हमखास असतं, कारण कपाटाच्या आतल्या बिजागरीच्या वाटीचं माप तेच. ३५ च्या भोकात ३० चं बटण टाकलं, की ते सरळ आत पडतं. तेव्हा ३० चं होल-सॉ आधीच हार्डवेअरच्या दुकानातून आणून मिस्त्रीच्या हातात ठेवा. पॅनलची फळी १२ एमएमच्या वर नको. काही बटणं नुसती खटकन बसणारी असतात, काहींना खालून चाकी पिळायची असते. जाड प्लायमध्ये पिळायची घ्या.

आणि सोसायटीची परवानगी... दुपारी दोन ते चार मशीन बंद, रविवारी अजिबात नाही. गच्चीवर काम केलं, तरी भुसा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांवर गेलाच. त्यांना पहिल्या दिवशीच खेळायला बोलवायचं कबूल करून प्रकरण मिटवलं.

शनिवारची लॅमिंग्टन रोड

स्टिक, बटणं, मायक्रोस्विच आणि जामाची पट्टी मुलुंडमध्ये मिळत नाही. त्यासाठी एक ट्रिप करायची, दादरला लाइन बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सगळ्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोड. शनिवारीच जा. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, आणि ऑफिसवाल्यांची विकेट नेमकी तिथेच पडते. बटणं ऑनलाइनही मिळतात, पण दाबून बघितल्याशिवाय बटण घेणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं. तुमची मर्जी!

सोबत एक छोटा यूएसबी एन्कोडर घ्या. बटणांच्या वायरी त्याला जोडल्या, की कॉम्प्युटरला तो साधा जॉयस्टिक वाटतो. स्क्रीनसाठी वाइड मॉनिटर नको. जुने गेम चार-तीनच्या चौकोनी पडद्याचे, मुस्तफाचं चित्र जेमतेम ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. ऑफिसांतून भंगारात गेलेले १७ किंवा १९ इंची चौकोनी एलसीडी याला झक्कास. कॉम्प्युटर म्हणून घरातला जुना पीसीही चालतो. पत्त्यांच्या डबीएवढा रास्पबेरी पायही चालतो, फक्त त्याचं मेमरी कार्ड लाइट अचानक गेली की बिघडू शकतं. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, दक्षिण मुंबईकरांसारखं बेफिकीर राहून चालत नाही. नीट बंद करायचं बटण वेगळं द्या.

गेम्सचं काय? निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते जुनी मशीनं कॉम्प्युटरमध्ये जिवंत करतं. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी गेम्सचे हक्क शाबूत आहेत. ‘मेम’च्या साइटवर मालकांनी स्वतः मोकळे केलेले थोडे गेम आहेत. बाकी रीतसर विकत घ्या. कॅपकॉमने २०२१ मध्ये आपल्या जुन्या गेम्सचा मोठा संच काढला, त्यात ‘स्ट्रीट फायटर टू’ आहे, ‘फायनल फाइट’ आहे. २०१८ चाही एक संच आहे, सात मारामाऱ्यांचा. दोन्हींत मुस्तफा मात्र नाही. तो दुसऱ्याच्या कॉमिकवर बेतलेला, हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत.

म्हणजे डबा तयार आणि मुस्तफाच गायब!

काकांचा माळा

डब्याची वायरिंग काकांकडे. मला खरं तर पिक्चर ट्यूब हवी होती, असली पार्लरवाली. काकांनी तिथेच हाणून पाडलं. ‘अरे बाळा, कलर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. बंद केल्यावरही आत राहतात. काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?’ त्यांच्यामागच्या भिंतीला तीन ट्यूबा टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघायलाही मला मनाई झाली.

काकांनी बटणांचं काम दोन संध्याकाळींत केलं. प्रत्येक मायक्रोस्विचला दोन टोकं. एक टोक सगळ्यांचं मिळून एकच कॉमन, माळेसारखं एकातून दुसऱ्यात ओवत न्यायचं, दुसरं ज्याचं त्याचं. त्यांनी मीटर उचललाही नाही. एकेक बटण कानाशी धरून टकटक ऐकलं आणि सोळातली दोन बाजूला काढली. ‘ही महिन्याभरात दगा देतील.’ मी विचारलं, ‘काका, हे तुम्हाला कसं कळतं?’ तेव्हा कुठे उलगडा झाला. नव्वदच्या दशकात मुलुंडपासून ठाण्यापर्यंतच्या पार्लर्सची मशीनं काका दुरुस्त करायचे. ज्या डब्यांवर आम्ही शाळेच्या सुट्ट्या घालवल्या, त्यांच्या पोटातल्या वायरी याच हातांनी ओढलेल्या! इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून हे कधी बोलणंच झालं नव्हतं. आयांना कळलं असतं तर गिऱ्हाइकं तुटली असती, हे त्यांचं म्हणणं.

मुस्तफाचं रडगाणं मी गायलो. काका काहीच बोलले नाहीत. स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हिरवा बोर्ड घेऊन उतरले. एका पार्लरवाल्याने दुकान बंद करताना बिलाच्या बदल्यात दिलेला. डुप्लिकेट अर्थात. म्हणजे पायरसीच, पण काकांच्याच वयाला शोभेलशी जुनी.

आणि डुप्लिकेट होता म्हणूनच वाचला! कॅपकॉमच्या त्या काळच्या ओरिजिनल बोर्डांवर एक बॅटरी असायची. नक्कल होऊ नये म्हणून लागणाऱ्या किल्ल्या तिच्या जिवावर मेमरीत राहायच्या. बॅटरी संपली, की किल्ल्या पुसल्या जायच्या आणि बोर्ड मुका. जगभर असे कितीतरी ओरिजिनल मेले. नकली बोर्डांना बॅटरीची भानगडच नसायची. काकांनी खोडरबर घेतलं, शाळेतलं साधं, आणि बोर्डाच्या पट्टीवरचे ५६ तांबूस दात घासून लख्ख केले. जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय जोडला, ५ व्होल्ट इकडे, १२ व्होल्ट तिकडे. जुना बोर्ड एलसीडीला थेट चालत नाही, दोघांच्या सिग्नलचा वेग वेगळा, मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. बटणांच्या वायरी काकांनी आधीच एका प्लगवर आणून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरवर खेळायचं तर प्लग एन्कोडरला, नाहीतर जामाच्या पट्टीला.

स्विच मारला. आधी नुसते रंगीत पट्टे. काकांनी बोर्डाची कड अंगठ्याने जरा दाबली... आणि गाळ्यात तो आवाज घुमला! आवाज ओरिजिनलपेक्षा खरखरीत, नकली बोर्डांचा असतोच. पण आम्हाला पाठ होता तो हाच आवाज.

डबा आता वर हॉलमध्ये आहे. नाण्याची फट आम्ही खोटी ठेवलेली नाही, रुपया टाकला तर क्रेडिट पडतं, आणि पडलेले रुपये पापडवाल्या काकूंच्या नातीच्या डब्यात जातात. शेजारची पोरं जमतात. फोनवर तासन् तास खेळणारी ही पोरं पहिल्या दिवशी स्टिक धरून अवघडली होती, कारण मागे चार जण बघत होते. दोन दिवसांत त्यांनी नियम स्वतःच ठरवला. हरला तो बाजूला, पुढच्याचा रुपया पट्टीवर. हे त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं. रात्री नऊला बंद, हा नियम मात्र सेक्रेटरींचा. तेही साडेआठपर्यंत इथेच असतात.

एकच उरलंय. बोर्डावर तिसऱ्या खेळाडूच्या पिना मोकळ्या आहेत. मिस्त्रीकडून ३६ इंचांचं नवं पॅनल कापून आणलंय, सात बटणं आणि एक स्टिक जास्तीची घेऊन ठेवलीय. काकांनी दोनच अटी घातल्यात. गाळ्याची किल्ली मालकाला देण्याआधी आण, आणि दुपारी दोन ते चार शटर वाजवू नकोस.